पानिपतची माती

मराठी माणसाच्या लेखी पानिपत हे गाव राहिलेलेच नाही. ते एका दुर्दशेचे नाव झाले आहे. मुलगा गणितात नापास होऊन येतो आणि म्हणतो, "पानिपत झालं!" दुकान बुडाले की पानिपत, निवडणूक हरली की पानिपत. कोणी "माझ्यावर विश्वास ठेवा" म्हटले, तर घरातली आजीसुद्धा चटकन सुनावते, "विश्वास तर पानिपतातच गेला!" इतके ते नाव आपल्या जिभेवर रुळले आहे.

मी शाळेत हा धडा पुष्कळदा शिकवला. फळ्यावर एक वाकडी रेघ काढली की ती यमुना, तिच्या डाव्या हाताला एक ठिपका दिला की ते पानिपत, आणि दोन बाण काढले की एक भाऊसाहेब व दुसरा अब्दाली. एकदा मागच्या बाकावरचा एक शेतकऱ्याचा मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "गुरुजी, तिथली जमीन कशी आहे? काळी का मुरमाड?" वर्ग हसला. मीही हसलो, पण मला उत्तर देता आले नाही. जिथे आपली एक अख्खी पिढी कापली गेली, तिथली माती कोणत्या रंगाची हेसुद्धा आपल्याला ठाऊक असू नये, याची त्या दिवशी लाज वाटली. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांनी रणांगणावर का यावे, असे कोणी म्हणेल. पण मी रणाची नव्हे, मातीची गोष्ट सांगणार आहे.

पहिली गोष्ट ही, की ती माती काळी नाही. पानिपतजवळ 'काला आंब' नावाची जागा आहे. तिथे आता स्मारक आहे. तिथे एक आंब्याचे झाड होते आणि रक्त पिऊन ते काळे पडले, अशी आख्यायिका आहे. पण माती विचाराल तर ती फिकट, पिवळसर तपकिरी; आपल्याकडच्या काळ्या, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीशी तिचे काही नाते नाही. आपली काळी जमीन सह्याद्रीच्या कातळातून उपजली. ती तशी स्थानिक आहे. पानिपतची माती मात्र उपरी आहे. ती हिमालयातून वाहत आली.

यमुना डोंगरातून उतरते ती एकटी नव्हे. टोन्स आणि गिरी या नद्या तिला मिळतात आणि सोलन, डेहराडून, मसुरीच्या बाजूचे चुनखडीचे डोंगर झिजवून आणतात. काही चुना बारीक कणांच्या रूपाने येतो, काही साखरेसारखा पाण्यात विरघळून. मैदानात आल्यावर नदीचा वेग मंदावतो. महापुरात ती काठ सोडून पसरते आणि आपले ओझे टाकते: आधी जड वाळू, मग पोयटा आणि सर्वांत शेवटी, साचलेल्या पाण्याच्या तळाशी, बारीक चिकण. दरवर्षी एक थर, कधी बोटभर, कधी हातभर. अशी हजारो वर्षे ही नदी लिहीत बसली आहे. म्हणून तिथे शेकडो हात खोल खणले तरी खडक लागत नाही.

या मातीत वाळू, पोयटा आणि चिकण यांचे मिश्रण मोठे समजूतदार असते. ओली मूठ दाबली तर गोळा होतो, पण बोटाने टोचताच तो सुटतो. पाणी धरून ठेवते, पण तुंबवत नाही. मुळे खाली हवी तेवढी उतरतात. तिकडचा शेतकरी अशा जमिनीला 'रौसली' म्हणतो, वाळूसरीला 'भूड' आणि चिकट जमिनीला 'डाकर'. तिच्यात चुना आहे की नाही, हे पाहायचे तर शाळेच्या प्रयोगशाळेतले विरल आम्ल ढेकळावर टाकावे. चुना असेल तर सोडावॉटरसारखे फसफसते.

नदीकाठची सखल जमीन, जिथे पूर अजून पोचतो, ती 'खादर'. तिथे विहिरीला पाणी लवकर लागते. तिच्या पश्चिमेला जुन्या काठाचा उंचवटा आहे. त्यावरची जमीन म्हणजे 'बांगर'. पानिपत शहर या जुन्या काठावर वसले आहे. नदी एके काळी त्याच्या पायथ्याशी होती; ती सरकत सरकत काही मैल पूर्वेला गेली. बांगरात पूर येत नाही, म्हणून तिथे नवा थर बसत नाही. पाऊस जुन्या थरातला चुना विरघळवून खाली नेतो, आणि पाणी सुकले की तो खाली गाठीगाठींनी गोठतो. त्या गाठींना तिकडे 'कंकर' म्हणतात. जिथे दगड म्हणून मिळत नाही, तिथे हा कंकरच दगडाचे काम करी. तो कुटून दिल्लीकडचा हमरस्ता बांधला गेला, तो भाजून चुना केला गेला.

आता इतिहासाकडे वळू. १५२६, १५५६ आणि १७६१ अशा तीन मोठ्या लढाया एकाच गावाजवळ का झाल्या? त्या गावाच्या ग्रहदशेत काही नाही. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवर, वायव्येकडून येणाऱ्या हमरस्त्यावर ते आहे. एका बाजूला नदी आहे, आणि बाकी सगळे सपाट, मऊ, घोडा कुठेही दौडावा असे मैदान. डोंगर नाही, घाट नाही, कडा नाही. आणि ही माती फावड्याला पटकन वश होते. १५२६ मध्ये बाबराने एका अंगाला शहर ठेवले आणि दुसऱ्या अंगाला खंदक खणून, झाडे तोडून आडवी टाकली. १७६० मध्ये मराठ्यांनीही छावणीभोवती खंदक खणला. ज्यांच्या आजोबांनी कातळावरचे किल्ले लढवले, त्यांनी परमुलखात मातीचा किल्ला केला!

त्या वर्षीच्या सगळ्या घडामोडींवर नदीच्या पुराची छाया आहे. ऑगस्टच्या आरंभी मराठ्यांनी दिल्ली घेतली. अब्दाली पलीकडच्या तीरावर होता आणि मध्ये यमुना दुथडी वाहत होती. पावसाळाभर दोन्ही सैन्ये एकमेकांना पाहत बसली. १७ ऑक्टोबरला मराठ्यांनी उत्तरेस यमुनाकाठचे कुंजपुरा जिंकले; धान्य मिळाले, आनंद झाला. पण पाऊस सरला होता आणि पूर ओसरत होता. २५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दालीने बागपतजवळ उतार शोधला, काही माणसे बुडाली तरी पर्वा केली नाही आणि तो अलीकडे आला. दिल्ली व मराठे यांच्यामध्ये आता तो होता. ज्या पाण्यावर आपण तटबंदी म्हणून भरवसा ठेवला होता, ते पाणी ऋतूचे होते. नदीकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याने हे सांगितले असते: कार्तिकातली नदी ही श्रावणातली नदी नव्हे.

पुढचे अडीच महिने छावणीत उपासमार वाढत गेली. डिसेंबरात रसद मिळवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि तीही आशा संपली. माझ्या मनाला एक गोष्ट फार लागते. पौषात तिकडचे रान उजाड नसते. गहू-हरभरा शेतात हिरवागार डोलत असतो. पण तो पिकतो चैत्र-वैशाखात. हिरवा पाला जनावराच्या तोंडी लागेल, माणसाची भाकरी त्यातून होत नाही. लाखभर माणसे आणि त्यांच्याबरोबर यात्रेला निघालेली बायामुले, हिंदुस्थानातल्या सर्वांत सुपीक जमिनींपैकी एकीवर बसून, भुकेने गळत होती. सुपीक जमीन पोटाला भाकरी देते ती शेतकऱ्याच्या पंचांगाप्रमाणे; सेनापतीच्या पंचांगाप्रमाणे नव्हे. पौष शुद्ध अष्टमीला, १४ जानेवारी १७६१ रोजी, तोफांचा गोल करून सैन्य बाहेर पडले ते उपाशीपोटी. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मातीमुळे आपण हरलो, असे मी म्हणत नाही. हरण्याची कारणे माणसांची होती. पण ज्यांच्याशी लढायचे त्यांचे बळ आपण मोजले, आणि ज्या भूमीवर उभे राहायचे तिची रीत मोजली नाही, एवढे मात्र म्हणतो.

या मातीची गोष्ट १७६१ ला संपत नाही. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने यमुनेतून कालवा काढला होता. शाहजहानच्या काळात अली मर्दान खानाने तो दिल्लीपर्यंत नेला. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो गाळाने बुजला. इंग्रजांनी १८१७ मध्ये दुरुस्ती काढली आणि १८२० च्या सुमारास दिल्लीत पुन्हा पाणी पोचले. सगळ्यांना धन्यता वाटली. पण जुना कालवा सखल भागातून गेला होता. त्याच्या काठांनी पावसाच्या पाण्याचा निचरा अडवला, पाणी जमिनीत मुरून वर आले, दलदल झाली, हिवताप माजला. करनालची इंग्रजी छावणी या तापापायी १८४० च्या दशकाच्या आरंभी अंबाल्याला हलवावी लागली. तोफांनी न हललेली छावणी डासांनी हलवली! आणि शेतांवर मिठासारखा पांढरा थर चढू लागला. त्याला लोक 'रेह' म्हणत आणि अशा मेलेल्या जमिनीला 'कल्लर'. पुढे कालव्याची वाट बदलून ती उंचावरून न्यावी लागली. तरी खारावलेली जमीन आपोआप बरी झाली नाही.

इथे मातीच्या पोटातली एक विलक्षण गोष्ट कळते. कल्लर जमिनीच्या पोटात, सुमारे मीटरभर खाली, कंकराचा थर असतो. म्हणजे चुना आहे, आणि चुन्यातच तिचे औषध आहे. तरी ती उपाशी! कारण सोड्याने मातलेल्या त्या जमिनीत कंकर विरघळतच नाही. भरल्या कोठाराला कुलूप लागावे तसे. १९६९ मध्ये करनालला खाऱ्या जमिनींच्या संशोधनाची केंद्रीय संस्था निघाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी मार्ग घालून दिला: जमीन सपाट करा, बांध घाला, जिप्सम मिसळा, पाण्याने सोडा धुऊन काढा आणि पहिले पीक भाताचे घ्या. जिप्समचा चुना पाण्यात विरघळतो, सोड्याला हुसकून लावतो. मग भाताची मुळे हळूहळू खालचे कोठारही उघडतात. अशा रीतीने पंजाब-हरियाणातल्या लाखो एकर कल्लर जमिनीवर पुन्हा पीक उभे राहिले. मात्र भाताची तहान मोठी. आता तिकडे विहिरींचे पाणी वर्षानुवर्षे खाली चालले आहे. एके काळी पाणी वर आले म्हणून जमीन मेली. आता ते खाली गेले म्हणून शेतकरी चिंतेत आहे.

नदीही अजून स्वस्थ नाही. पात्र सरकले की एका तीरावरचे शेत दुसऱ्या तीरावर जाई आणि राज्यही बदले. नदीची खोल धार हीच हद्द होती. हरियाणा व उत्तर प्रदेश यांच्यातला हा तंटा १९७५ च्या लवादाने आणि १९७९ च्या कायद्याने मिटवून हद्द ठरवून टाकली. कागदावरची रेघ स्थिर झाली. यमुनेला मात्र तो कायदा कोणी वाचून दाखवलेला नाही.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. स्वतःची जमीन कसतो. मागे बाजारात भेटला तेव्हा मी त्याला उशिराचे उत्तर दिले: "काळी नाही आणि मुरमाडही नाही. पिवळसर पोयट्याची, चुन्याची, खोल जमीन आहे. हात लावशील तिथे खणता येते." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग चांगली जमीन आहे, गुरुजी. आपली माणसं वाईट जागी नाही पडली."

त्या जमिनीला मी मनात 'पानिपत' हे दुर्दशेचे नाव इतकी वर्षे देत आलो होतो. त्या दिवसापासून ते एका गावाचे नाव झाले आहे, आणि पौष लागला की तिथला हिरवा गहू मला दिसू लागतो.