तब्येत सुधारली

एखाद्याचे वजन वाढले की मराठीत 'तब्येत सुधारली' असे म्हणतात. अंग धरणे म्हणजे बरे होणे, हे समीकरण पिढ्यान् पिढ्यांच्या उपासमारीतून भाषेत मुरले असावे. स्किझोफ्रेनियाच्या उपचारांचा इतिहास वाचताना तेच समीकरण आम्हांला युरोपातही आढळले. आणि तेथे ते रुग्णांना महागात पडले, असे आमचे मत आहे.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने विसाव्या शतकाच्या आरंभीच या रुग्णांच्या वजनाची दखल घेतली होती. आजाराच्या सुरुवातीला वजन बरेच उतरते, पुढे कधी कधी ते झपाट्याने चढते, हे त्याचे निरीक्षण. (आजची औषधे तेव्हा नव्हती, म्हणजे सारा दोष औषधांच्या माथी मारता येत नाही.) १९२०च्या दशकात अन्न टाकलेल्या मनोरुग्णांना भूक लागावी, वजन वाढावे म्हणून इन्शुलिन टोचले जाई. वजन वाढवणे हाच तेथे उपचार होता.

आणि मग १९४० ते १९४४चा फ्रान्स. जर्मन ताब्यातील त्या देशात शिधा आटला आणि मनोरुग्णालयांत सुमारे ४५ हजार माणसे उपासमारीने व तज्जन्य आजारांनी दगावली. तीस वर्षे डांबून ठेवलेली शिल्पकार कामिय क्लोदेल १९४३ साली अशाच एका रुग्णालयात वारली. त्यानंतर जेमतेम नऊ वर्षांनी, १९५२मध्ये, पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात झां दले व प्येर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरले. रुग्ण शांत झाले, हळूहळू अंगानेही भरले. ज्यांनी खंगून मेलेली माणसे पाहिली, त्यांना भरलेले गाल पाहून चिंता वाटावी तरी कशी? वजनवाढीच्या नोंदी त्याच दशकात झाल्या, पण तिला तक्रारीचे वजन आले नाही, ते बहुधा यामुळेच.

ते यायला १९९९ उजाडावे लागले. डेव्हिड अ‍ॅलिसन व सहकाऱ्यांनी अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले: दहा आठवड्यांत सरासरी वाढ क्लोझापिनने ४.४५ किलो, ओलान्झापिनने ४.१५ किलो, झिप्रासिडोनने जवळजवळ शून्य. ही औषधे मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिनचे काही ग्राहक अडवतात, त्यामुळे भूक शमतच नाही. नातलग मात्र त्याला खादाडपणा म्हणतात. स्किझोफ्रेनिया असलेली माणसे इतरांहून दहा ते वीस वर्षे आधी जातात, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो, हे कळल्यावर भरलेल्या गालांचा अर्थच पालटला.

तरी प्रश्न सरळ नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत सर्वाधिक काळ टिकून घेतले गेलेले औषध ओलान्झापिनच होते. वजन सर्वांत वाढवणारेही तेच, महिन्याला सरासरी ०.९ किलो. ते घेणाऱ्या दर शंभरांतील नऊ जणांनी वजन वा चयापचयाच्या तक्रारींपायी ते सोडले. उरलेल्यांपैकी ज्यांना आवाज ऐकू येणे थांबले आणि जुने कपडे मात्र होईनासे झाले, त्यांच्या घरी पाहुण्यांनी काय म्हटले असेल, हे मराठी वाचकाला सांगायला नको.