माटुंग्याच्या टाकीचं साल

माझी भाची माटुंग्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी ती वह्या घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, तुमचं माटुंगा आमच्या अभ्यासात आलंय." विषय होता हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंचा. त्यांच्याकडून मैला कुजवून घेऊन जळणारा वायू कसा मिळवतात, याची माहिती होती. सुरुवातीलाच इतिहासाची एक ओळ होती. तिचा आशय असा, की जगातलं पहिलं बायोगॅस संयंत्र १८५९ साली मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीनं बांधलं.

आधी अभिमान वाटला, मग साल खटकलं. विज्ञान माझं बारावीतच सुटलं. पुढची तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे तपासण्यात गेली आणि ती खोड अजून गेलेली नाही. शोधायला बसलो तर हीच ओळ पुस्तकांतून, प्रबंधांतून, देशोदेशींच्या लेखांतून एकाची दुसऱ्यानं उतरवलेली दिसली.

माटुंग्याचा महारोग्यांचा आश्रम सुरू झाला १८९० साली. त्याआधी शहरातले पुष्कळ निराधार रोगी भायखळ्याच्या जमशेटजी जीजीभाई धर्मशाळेत किंवा रस्त्यावर असत. म्हणजे १८५९ साली ही 'वसाहत'च नव्हती. शिवाय काही जंतू हवेशिवाय जगतात, हे पाश्चरनं दाखवलं १८६१ मध्ये. बंद टाकीत मैला आपोआप विरघळतो हा फ्रान्समधल्या मूराचा शोध १८८१ च्या सुमाराचा आणि इंग्लंडमध्ये एक्सेटरला डोनाल्ड कॅमेरॉननं 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ केलं ते १८९५ च्या आसपास. माटुंग्याच्या टाकीची खरी नोंद सापडते ती १८९७ ची. मुंबई महापालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर चार्ल्स कारकीट जेम्स यांनी आश्रमाच्या सांडपाण्यावर प्रयोग केले, टाकीतला वायू गोळा केला आणि त्यावर दिवे पेटवले, इंजिनही चालवलं. पूर्वेकडच्या शहरांच्या सांडपाण्यावरचं त्यांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक १९०६ चं आहे.

चूक अडतीस वर्षांची. एवढ्यासाठी लेख कशाला, असं कुणी म्हणेल. पण ते साल मागे सरकलं की आश्रम कसा उभा राहिला ती गोष्टच पुसली जाते, आणि ती गोष्ट मराठी वाचकाच्या चांगलीच जवळची आहे.

आश्रम उभा करणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अॅक्वर्थ. मराठी वाचकाला हे नाव दुसरीकडून ठाऊक असतं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत १८९१ मध्ये 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' छापणारे अॅक्वर्थ ते हेच. गोंधळ्यांच्या तोंडचं काव्य कागदावर यावं म्हणून धडपडणारा माणूस त्याच काळात महारोग्यांना रस्त्यावरून हलवण्याची व्यवस्था लावत होता. मला यात विरोधाभास वाटत नाही. दोन्हीकडे त्यांची कळकळ खरी होती. फरक एवढाच, की पोवाडा म्हणणाऱ्याला त्यांनी बोलू दिलं.

काळ भीतीचा होता. हॅन्सननं १८७३ मध्ये कुष्ठाचा जंतू पाहिला, तेव्हापासून हा रोग आनुवंशिक की सांसर्गिक हा वाद पेटला. १८८९ च्या एप्रिलमध्ये हवाई बेटांवर रोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगानं गेले आणि साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात घबराट पसरली. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्यातल्या सांसर्गिक रोगांच्या तरतुदींचा आधार घेऊन भीक मागणाऱ्या रोग्यांना पोलिसांकरवी माटुंग्यात आणलं गेलं. त्याच वेळी हिंदुस्थानभर फिरलेल्या कुष्ठ आयोगाचा निष्कर्ष होता की हा रोग फारच क्वचित एकाकडून दुसऱ्याकडे जातो, सक्तीनं वेगळं ठेवण्याची गरज नाही. तरी १८९८ मध्ये कायदा आला, आणि तोही निर्धन रोग्यांपुरता. घर असलेला रोगी घरातच राहिला. जंतूला पैशाची पारख असते, असं त्या कायद्याचं म्हणणं असावं!

तर असे आणलेले लोक आवारात राहत, त्यांच्या सांडपाण्यावर शेत पिकवलं जाई, त्या शेतात ते राबत, आणि पुढे त्याच सांडपाण्यावर टाकी आली. ती टाकी माटुंग्यात चांगली चालली याचं कारण भाचीनंच मला समजावलं. पचनाच्या शेवटच्या टप्प्यावर मिथेन तयार करणारे जीव असतात, त्यांना साधारण पस्तीस अंशांची ऊब मानवते. थंडीत ते मंदावतात. एक्सेटरच्या मानानं मुंबईची हवा त्यांना फारच सुखाची. १९७७ नंतर कार्ल वूझच्या कामामुळे कळलं की ते जिवाणूच नव्हेत, त्यांचं कूळच वेगळं आहे. आज त्यांना 'आर्किया' म्हणतात.

मग मीच तिला विचारलं, "आणि कुष्ठाचा जंतू?" ती म्हणाली, "तो आजही बशीत वाढत नाही, मामा." टायफॉइडचा, पटकीचा जंतू प्रयोगशाळेत रातोरात वाढवता येतो. हा मात्र एकाचे दोन व्हायलाच दोन आठवड्यांच्या आसपास घेतो आणि जिवंत शरीराबाहेर वाढतच नाही. १९६० मध्ये उंदराच्या पायाच्या तळव्यात तो थोडाफार वाढवता आला, १९७१ मध्ये आर्माडिलोत. तोवर सत्त्याऐंशी वर्षं त्याचा अभ्यास करायचा तर माणूसच हवा होता, आणि अशी माणसं एका जागी मिळत ती आश्रमांत. विज्ञानानं त्यांच्याकडून रोगही घेतला आणि मैलाही.

म्हणून त्या ओळीत मला सालाइतकंच क्रियापद टोचतं. वसाहतीनं संयंत्र 'बांधलं' म्हटलं की वाटतं, चार रोगी एकत्र आले, त्यांनी ठरवलं आणि टाकी उभी केली. इथे आणायचं त्यांच्या वतीनं दुसऱ्यांनी ठरवलं, तसं टाकीचंही. त्यात जेम्सचं नाव राहिलं नाही आणि रोग्यांची सक्तीही दिसली नाही, दोघांवरही सारखाच अन्याय. मैल्यापासून गॅस मिळवण्याचं काम आपल्याकडे पुढे मन लावून केलं ते देहूच्या डॉ. मापुसकरांनी, संडास थेट गॅस संयंत्राला जोडून. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अभ्यासक्रमात ते हवेत, असं माझं मत.

अॅक्वर्थांचं नाव मिरवणारं पालिकेचं कुष्ठरोग रुग्णालय आज वडाळ्यात किडवाई रोडला आहे. तेव्हा तो सगळाच भाग माटुंगा म्हणून ओळखला जाई. औषधं आली, रोग बरा होऊ लागला, तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात २०१९ पर्यंत राहिलं.

दिवाळीच्या आधी कॉलेजात अंतर्गत चाचणी झाली. टाकीवर पाच मार्कांचा प्रश्न आला. भाचीनं १८९७ लिहिलं, जेम्सचं नाव लिहिलं, आश्रम १८९० चा हेही लिहिलं. तिला चार मार्क मिळाले. साल चुकलं म्हणून एक कापला होता.