एक वर्ग, दोन बाई

आमची आपा 1982 साली डी.एड. झाली आणि लगेच प्राथमिक शाळेत लागली. मोहल्ल्यातली नोकरी करणारी ती पहिली मुलगी. अब्बांनी त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटले होते. पाच वर्षांनी तिचं दुसरं बाळंतपण झालं. त्याच सुमारास सासूला अर्धांगवायू झाला. आपानं शाळेला एक अर्ज दिला. निम्मा दिवस मी शिकवते, निम्मा दिवस दुसऱ्या बाईला द्या, पगारही निम्माच द्या, अशी साधी विनंती होती. तो अर्ज वाचून कचेरीतले एक कारकून म्हणाले, "बाई, नोकरी काय भाकरी आहे, मोडून दोघींना द्यायला?" सगळे हसले. दोन महिन्यांनी आपानं राजीनामा दिला.

मी कविता लिहिणारा माणूस. इतिहास विषय घेऊन बी.ए. झालो, एवढाच काय तो इतिहासाशी संबंध. पण ते भाकरीचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. पुढे वाचता वाचता कळलं की ही भाकरी जगात काही ठिकाणी खरोखरच मोडली गेली आहे. एका वर्गाला दोन शिक्षिका, दोघी अर्धवेळ, दोघी कायम. मात्र तिथवर पोचायला बायकांना फार लांबून यावं लागलं.

गोष्ट इंग्लंडपासून सुरू करू. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि शाळा बायकांनी चालवल्या. त्यात लग्न झालेल्या शिक्षिकाही पुष्कळ होत्या. 1919 साली तिथं कायदा झाला की स्त्री आहे किंवा विवाहित आहे म्हणून कुणाला नोकरीसाठी अपात्र ठरवू नये. वाचायला किती छान! पण युद्ध संपलं, पैशाची टंचाई आली, नव्या मुली प्रशिक्षण घेऊन नोकरीची वाट पाहू लागल्या. तेव्हा एकामागून एक स्थानिक मंडळांनी ठराव केले, की लग्न झालं की शिक्षिकेनं जागा सोडावी. वेल्समधल्या ऱ्होंडा या कोळसा खाणींच्या भागात पन्नासहून अधिक विवाहित शिक्षिकांना अशाच नोटिसा मिळाल्या. त्या कोर्टात गेल्या आणि 1923 साली हरल्या. 1919 चा कायदा आहे हे खरं, पण मालकानं कुणाला ठेवावं, कुणाला काढावं हा मालकाचा प्रश्न, असा त्या निकालाचा मतलब होता. त्याच वर्षी लंडनच्या कौन्सिलनंही हा नियम आणला. तिथं तो 1935 पर्यंत टिकला.

इथं एक गंमत पाहा. लहान मुलांना शिकवायला बाईच बरी, तिला आईचं मन असतं, असं जे लोक म्हणत होते, तेच खरीखुरी आई झालेल्या बाईला वर्गाबाहेर काढत होते.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि पुन्हा शिक्षक कमी पडले. 1944 साली बटलर यांचा शिक्षण कायदा पार्लमेंटपुढे आला. केवळ लग्न झालं म्हणून कोणत्याही शिक्षिकेला नाकारता किंवा काढता येणार नाही, असं एक कलम त्यात होतं. ते मंजूर झालं. पण याच विधेयकावर आणखी एक नाट्य घडलं. थेल्मा कॅझालेट-कीर या चर्चिल यांच्याच पक्षातल्या बाई. शिक्षक-शिक्षिकांना समान वेतन द्या, अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. 28 मार्च 1944 रोजी मतदान झालं. बाजूनं 117, विरोधात 116. एका मतानं समान वेतन जिंकलं! चर्चिल संतापले. हा माझ्या सरकारवरचा विश्वासाचा प्रश्न आहे, असं त्यांनी जाहीर केलं. ऐन युद्धात सरकार कोण पाडणार? दोन दिवसांनी तेच सभागृह भल्यामोठ्या बहुमतानं उलटं फिरलं. शिक्षिकांना पूर्ण समान पगार मिळायला 1961 उजाडलं. वर्गात उभं राहण्याचा हक्क एका कायद्यानं मिळाला, पण त्या उभं राहण्याची किंमत ठरायला सतरा वर्षं गेली.

1947 मध्ये इंग्लंडनं शाळा सोडण्याचं किमान वय चौदावरून पंधरा केलं. युद्धानंतर जन्मलेली मुलं पुढे लाटेसारखी शाळांवर येऊन आदळली. आता ज्यांना घरी पाठवलं होतं त्याच बायकांना सरकार आर्जवं करू लागलं की या, जमेल तेवढा वेळ या. अर्धवेळ शिक्षिका आल्या त्या अशा. त्या गरजेपुरत्या होत्या. वर्ग त्यांचा नसे. कुणाच्या तरी वर्गात जाऊन वाचन घ्यायचं, गाणं घ्यायचं आणि घंटा झाली की निघायचं. काटकसर आली की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडायची.

'जॉब शेअरिंग' हा शब्द रुळला तो सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या दशकात. त्यातली कल्पना वेगळी होती. दोन अर्ध्या नोकऱ्या नाहीत, एक पूर्ण जागा आणि तिच्या दोन मालकिणी. पगार, सुट्ट्या, बढतीचा हक्क, सगळं दोघींत वाटलेलं. सोमवार, मंगळवार आणि बुधवारची सकाळ एका बाईंची, बुधवार दुपारपासून शुक्रवारपर्यंत दुसऱ्या बाईंची. मधे एक वही. कुठला धडा कुठवर आला, कोण वजाबाकीत अडकलं, कुणाची आई आजारी आहे, हे सगळं त्या वहीत. ती वही नीट चालली तर वर्ग चालतो, असं मी समजतो.

विरोध अर्थातच झाला, आणि तो सगळाच चुकीचा नव्हता. लहान मुलाला एकच चेहरा लागतो, दोन बायांच्या दोन शिस्तीत ते गोंधळतं, ही पालकांची काळजी खरी असते. एकीनं दिलेला गृहपाठ दुसरीनं तपासलाच नाही, असंही होतं. पण एका वर्गाला एकच गुरुजी ही रीत काही आभाळातून पडलेली नाही. आपल्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं धाकट्यांना शिकवत. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल या पाद्र्यानं देशी शाळांतली धूळपाटी पाहून ती आपल्याकडे आणली, तिला मुलांनीच मुलांना शिकवण्याची जोड दिली आणि 1797 मध्ये तो प्रयोग लंडनला छापून प्रसिद्ध केला. पुढची कित्येक वर्षं इंग्लंडमधली गरिबांची पोरं या 'मद्रास पद्धती'नं शिकली. तिथं तर एकेका वर्गाला अनेक पोरगे शिक्षक असत.

पण वाटून घेतलेला वर्ग खऱ्या अर्थानं रुजला तो हॉलंडमध्ये. तिथली कथा आणखी कडक आहे. 1957 पर्यंत त्या देशात विवाहित स्त्री कायद्यानं जवळजवळ अज्ञान मानली जाई. नवऱ्याच्या संमतीशिवाय तिला बँकेत खातंही उघडता येत नसे. सरकारी नोकरीतल्या बाईचं लग्न झालं की नोकरी गेली. कोरी टेंडलू नावाच्या वकील बाई तिथं खासदार होत्या. विवाहित स्त्रीनं काम करावं की नाही हे ठरवणं सरकारचं काम नव्हे, असा ठराव त्यांनी 1955 च्या सप्टेंबरमध्ये मांडला. तो 46 विरुद्ध 44 मतांनी संमत झाला. लंडनला एका मताचा, हेगला दोन मतांचा प्रश्न! पुढच्याच वर्षी टेंडलू वारल्या. विवाहितेला कायद्यानं सज्ञान मानणारा दिवस, 1 जानेवारी 1957, त्यांनी पाहिला नाही.

पुढे 1982 मध्ये, म्हणजे आपा शाळेत लागली त्याच साली, तिथल्या मालक आणि कामगार संघटनांनी वासेनार गावी करार केला की पगारवाढ आवरती घ्यायची आणि कामाचे तास कमी करून काम अधिक लोकांत वाटायचं. अर्धवेळ काम वाढत गेलं. 2000 साली आपले तास कमी-जास्त करून मागण्याचा हक्कच कायद्यानं दिला. एका जागेवरच्या दोघांच्या नोकरीला डच भाषेत 'ड्युओबान' म्हणतात, म्हणजे जोडीची नोकरी. प्राथमिक शाळेत दोन बाई असणं तिथं इतकं सवयीचं आहे की मुलांना त्याचं काही वाटत नाही. इंग्लंडनंही 2000 मध्ये अर्धवेळ माणसाला कमी लेखण्यास मनाई केली, आणि 2003 पासून लहान मुलांच्या आईबापांना सोयीचे तास मागण्याचा हक्क दिला. 2014 मध्ये तो सर्वांना मिळाला. मात्र मागण्याचा हक्क म्हणजे मिळण्याचा नव्हे, हेही खरं.

याला दुसरी बाजू आहेच. अर्धा पगार म्हणजे म्हातारपणी अर्धी पेन्शन. आणि अर्धा दिवस घरी कोण राहतं? हॉलंडमध्येही बहुतेक वेळा बाईच. भाकरी मोडली, पण घरातलं काम काही मोडून वाटलं गेलं नाही.

आपल्याकडे वाट निराळी झाली. आपण रजा वाढवल्या. 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली, मुलांच्या संगोपनासाठी वेगळी रजा आली. हे चांगलंच झालं. पण पद वाटून घेणं आपल्याला सुचलं नाही. आपल्याकडे 'अर्धवेळ शिक्षक' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पूर्णवेळ होण्याची वाट पाहत केस पिकलेला माणूस. 'तासिका तत्त्वावर' म्हटलं की आणखीच बिचारा. शब्दच असा बदनाम झाल्यावर तो कोण आपणहून मागून घेणार?

मध्यंतरी आपाकडे गेलो होतो. ती आता सत्तरीला टेकत आली आहे, नातवाचा अभ्यास घेत होती. तिला हे हॉलंडचं सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, डोळे पाणावतील. पण आपानं विचारलं, "बुधवारी दुपारी बदलाबदलीच्या वेळी पोरगं पडलं, डोकं फुटलं, तर त्याच्या आईनं भांडायचं कुणाशी?"

म्हटलं, "दोघींशी."

"मग बुधवारचा पगार दोघींना पुरा द्यायला पाहिजे," आपा म्हणाली आणि नातवाची पाटी पुसायला घेतली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)