डोंगरातले लोखंड, वाळूतले जहाज



सूरजागडपासून समुद्र शेकडो मैल लांब. या मुलखात जहाजाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण जहाज लोखंडाचे असते आणि लोखंड आपल्या डोंगरांत असते. एवढा धागा पुरे.

चांद्याच्या लोखंडाची कीर्ती जुनी आहे. १८८२ च्या सुमारास फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाने लोहाऱ्याच्या साठ्यांविषयी अहवाल लिहिला. तो वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याचे बीज पडले. परंतु वरोऱ्याचा कोळसा कामास उतरला नाही आणि कारखाना पुढे दूर साकचीला उभा राहिला. एटापल्ली तालुक्यातला सूरजागड मोठ्या प्रमाणावर खणला जाऊ लागला तो अलीकडे, २०१६ नंतर.

गोव्यात हा धंदा आधीच भरात आला होता. तिथले खनिज बार्जेसमधून नदीने खाली येई आणि मोठ्या जहाजांत चढे. याच धंद्यातले ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज ६ जून २००० रोजी कांदोळीच्या किनाऱ्याशी वाळूत रुतले. सुमारे २४० मीटर लांबीचे ते धूड हलवायला बारा वर्षे गेली. त्या काळात मी ते पाहून आलो. पत्रे खपल्या धरून गळत होते आणि त्यांचा रंग थेट आपल्या डोंगरातल्या मातीचा होता. त्यात नवल नाही. हवा आणि पाणी मिळून लोखंडाला पुन्हा मातीच्याच वाटेला लावतात. खाण, भट्टी आणि गोदी येथील कामगारांचे श्रम तेवढे मधल्यामध्ये वाहून जातात.

जहाज कोणी काढायचे, खर्च कोणी सोसायचा, यातच ती वर्षे गेली. नफ्याला मालक असतो. भंगाराला तो शोधावा लागतो. जगाने यावर उपाय काढला. २००७ च्या नैरोबी कराराने बुडीत जहाज हटवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आणि मोठ्या जहाजांना त्यासाठी विमा सक्तीचा केला. भारत २०११ साली त्यात सामील झाला.

खाणीलाही असाच नियम आहे. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठीची आर्थिक हमी आधीच द्यावी लागते. पगारवाढीच्या मागणीबरोबर हा आराखडाही कामगारांनी आणि गावकऱ्यांनी मागून घ्यावा, वाचावा, ग्रामसभेत मांडावा. ठाकूरदेवाच्या यात्रेला माडिया माणसे या डोंगरावर येतात. शेवटचा ट्रक गेल्यावरही त्यांना इथेच राहायचे आहे.