एका वेळीं एकच स्वर

तंतुवाद्यें आणि पट्ट्यांचीं वाद्यें यांचा वाद जुना आहे. पट्टी दाबली असतां ठरलेला स्वर निघतो. तारेचा स्वर मात्र बोटाच्या ओढीनें क्षणोक्षणीं वळवितां येतो. हार्मोनियमवर मींड निघत नाहीं, या व अशाच आक्षेपांमुळें ऑल इंडिया रेडिओनें १९४० पासून सुमारें तीन दशकें तें वाद्य आपल्या कार्यक्रमांबाहेर ठेविलें होतें. विजेच्या वाद्यांच्या युगांत हाच वाद अमेरिकेंत आणि जपानांत गिटारच्या निमित्तानें पुन्हां उभा राहिला.

विजेच्या साहाय्यानें ध्वनि घडविणारा सिंथेसायझर रॉबर्ट मूग यांनीं १९६४ मध्यें अमेरिकेंत पुढें आणला. अशा वाद्यांना बहुधा पियानोसारख्या पट्ट्या जोडलेल्या असत. नव्या ध्वनींचा मोह गिटारवादकांसही पडला. परंतु त्यांची विद्या तारेवरच्या बोटांत होती. तारेचा स्वर ओळखून सिंथेसायझरला आज्ञा देणारें साधन त्यांस हवें होतें. १९७७ मध्यें जपानच्या रोलँड कंपनीनें जी. आर. ५०० हा गिटार-सिंथेसायझर काढला. १९७८ मध्यें निघालेल्या कॉर्ग कंपनीच्या एम. एस. २० या वाद्यांत बाहेरून आलेल्या ध्वनीची कंपनसंख्या मोजून तिचें विद्युद्दाबांत रूपांतर करण्याची सोय होती. तेथें गिटार जोडतां येई. अट इतकीच कीं, एका वेळीं एकच स्वर वाजवावा.

१९८३ मध्यें निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशीं बोलतां यावें म्हणून ‘मिडी’ ही संकेतपद्धति प्रसिद्ध झाली. तिच्या तारेंतून ध्वनि जात नाहीं. कोणता स्वर, किती जोरानें, केव्हां सुरू झाला आणि केव्हां थांबला, एवढा निरोप जातो. स्वरांस शून्यापासून १२७ पर्यंत क्रमांक दिलेले आहेत. स्वर वळवावयाचा तर निराळा निरोप धाडावा लागतो. पट्टी दाबतांच तिचा क्रमांक ठाऊक असतो. तारेचें तसें नाहीं. तिचा स्वर यंत्रास आधीं ऐकावा लागतो. गिटारची सर्वांत खर्जाची तार सेकंदास सुमारें ८२ वेळां कंप पावते. एका कंपनास १२ सहस्रांश सेकंद लागतात, आणि स्वर ओळखण्यास एकदोन कंपनें तरी हवींत. सर्वांत वरच्या तारेस, ३३० कंपनांमुळें, तीनच सहस्रांश सेकंद पुरतात. म्हणून खर्जाचा स्वर नेहमीं मागें रेंगाळतो. दोन तारा एकदम वाजल्या तर त्यांच्या लहरी मिसळून एकस्वरी यंत्र गोंधळतें आणि भलताच स्वर धाडतें.

सहा तारांखालीं सहा स्वतंत्र ग्राहक बसविणें हा खर्चिक उपाय. त्याऐवजीं कोणत्याही विजेच्या गिटारला जोडतां येणारीं एकस्वरी, स्वस्त यंत्रेंही निघालीं. त्यांच्याकडून काम कसें घ्यावें, हें वादकांनीं अनुभवानें शोधलें. न वाजणाऱ्या तारा तळहातानें दाबून ठेवाव्या. पियानो किंवा तालवाद्य यांचा आघात तीव्र असल्यानें त्यांत विलंब उघडा पडतो. हळूहळू फुलणाऱ्या ध्वनींत तो झांकला जातो. खर्जाची चाल हवी असेल तर ती वरच्या तारांवर वाजवावी आणि सिंथेसायझरकडून एकदोन सप्तकें खालीं उतरवावी. ओळख जलद होते आणि नाद गंभीर मिळतो. मूळ गिटारचा ध्वनि मिसळला असतां आघात तारेचा आणि रेंगाळणारा नाद यंत्राचा, असा संयोग साधतो. स्वर वळविण्याची मर्यादा दोन्ही यंत्रांत सारखी न ठेवल्यास मात्र सारें बेसूर होतें. वळविण्याचा निरोप बंदच केला तर ओढलेली मींड अर्ध्या अर्ध्या स्वरांच्या पायऱ्यांनीं चढते. हा दोषही कांहींजण अलंकार म्हणून वापरतात.

एकाच स्वराच्या ओळींत किती सामर्थ्य असतें, हें अमेरिकन गिटारवादक पॅट मेथेनी यांनीं १९८२ च्या ‘ऑफरॅम्प’ या ध्वनिमुद्रिकेंत दाखविलें. त्यांचें रोलँड जी. आर. ३०० हें वाद्य मिडीच्या आधींचें. त्यावर अनेक स्वर एकदम निघत. तरीही ‘आर यू गोइंग विथ मी’ या रचनेंत त्यांनीं त्यावर मुख्यतः एकेका स्वराचीच धून विणली, आणि तीच श्रोत्यांच्या स्मरणांत राहिली.

गाणाऱ्याच्या कंठांतूनही एका वेळीं एकच स्वर निघतो; म्हणून गायनास कोणी दरिद्री म्हणत नाहीं. यंत्राची ही अट जो वादक बंधन न मानतां शिस्त मानतो, त्याच्या हातीं तें यंत्र वाद्य होतें.