आबांचं गॅरेज, बहादरपुर

आमच्या आजोळी होळकरांचं नाव निघालं की अहिल्याबाईंच्या आधी मोटारींच्या गोष्टी सुरू व्हायच्या. सांगणारे आबा, माझ्या आईचे वडील. पोरवयात ते बहादरपुरातून इंदूरला गेले आणि सियागंजाच्या अंगाला एका मिस्त्रीच्या हाताखाली राहिले. उस्तादांचं नाव ते कानाच्या पाळीला हात लावूनच घ्यायचे. राजवाड्याच्या गाड्या त्या गॅरेजात कामाला यायच्या, की राजवाड्याचे ड्रायव्हर नुसते चहाला थांबायचे, हे मात्र दर खेपेला थोडं बदलायचं. आजी, आमची मोठीमाय, भाकर थापता थापता म्हणायची, "गाडी पाह्यली का गाडीचा धुराळा, देवालाच ठाऊक." आबा हसायचे आणि पुढे सांगत राहायचे.

यशवंतराव होळकर दुसरे यांनी 1930 मध्ये इंदूरचा कारभार पूर्णपणे हाती घेतला. वय अवघं एकविशीचं. माणिकबाग पॅलेस त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून नव्या पद्धतीने बांधून घेतला, आणि मोटारीही तशाच नव्या नजरेने निवडल्या. त्यांतली आबांची लाडकी म्हणजे ड्यूसेनबर्ग. चासी आणि इंजिन अमेरिकेतलं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने चढवलेली, रंग केशरी आणि काळा. सुपरचार्जरसकट 320 अश्वशक्तीचं इंजिन, आणि तेही 1930 च्या दशकात! आबांच्या गोष्टीत तिला दोन रंगांचे दिवे होते. लाल लागला तर आत महाराज, निळा लागला तर राणीसाहेब. मला त्या दिव्यांचं फार वेड होतं. रात्री अंगणात खाटेवर पडलं की मी विचारायची, दोघं बरोबर असतील तर? आबा म्हणायचे, "मग दोन्ही लावायचे बापा."

1948 मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि थोड्याच काळात आबा गावी परतले. काम आटलं म्हणून, की पणजोबांनी लग्न ठरवलं म्हणून, हे घरात दोन्ही तऱ्हेने सांगतात. बहादरपुरात त्यांनी पत्र्याचं शेड टाकलं. गाडीखाली उतरून काम करायला खड्डा हवा होता, आणि तो खणताना म्हणे अर्धी गल्ली काठाशी बसून होती. त्याला कारण होतं. 1681 च्या सुरुवातीला संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरला लागून असलेला हा श्रीमंत पुरा लुटला, तीन दिवस लूट चालली. त्या धास्तीने कुणी कुणी काय काय पुरून ठेवलं, याच्या कहाण्या आमच्याकडे अजून सांगतात. आबांच्या खड्ड्यातून खापऱ्या निघाल्या, जुन्या विटा निघाल्या. त्या विटांचाच पुढे गॅरेजाचा ओटा झाला.

कामं सगळी पोटापाण्याची. केळीचे ट्रक, कापसाचे ट्रक, जीप, कधी पॉवरलूमची मोटर. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमचं निमाड मध्य प्रदेशात राहिलं. घरातली बोली तीच राहिली, गॅरेजाची पाटी तेवढी हिंदीत रंगली.

आणि मग ती एमजी आली. रावेरकडच्या एका केळीवाल्या बागाईतदाराने ती मुंबईत, मायदेशी निघालेल्या कुण्या कंपनीवाल्या इंग्रजाकडून हौसेने घेतली होती. एमजी टीसी, दोन माणसांची उघडी मोटार, तारांची उंच चाकं, दारं मागच्या बाजूला बिजागरी असलेली. 1945 ते 1949 या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला अशा जेमतेम दहा हजार मोटारी झाल्या. आमच्याकडे बैलगाडीच्या मागे दोरखंडाने बांधून आणली तेव्हा तिच्या सीटखाली कोंबडीने घर केलेलं होतं. आत रेक्झिन उसवून काथ्या लोंबत होता. मी तेव्हा प्राथमिक शाळेत असेन, उन्हाळ्याच्या सुट्टीला आजोळी आलेली. "पोरीचं गॅरेजात काय काम?" असं कुणीतरी म्हणालं, तर आबांनी माझ्या हातात बॅटरी दिली, उजेड धरायला.

या गाडीचा पत्रा ॲश नावाच्या विलायती झाडाच्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. इथे उधईने तो सांगाडा आतून पोखरला होता. पाना ठेवून आबा उठले आणि बैलगाड्या घडवणाऱ्या सुतारबाबांना घेऊन आले. जोखडं, आऱ्या, धावा यांत ज्यांची हयात गेली, त्या बाबांनी दारालगतच्या खांबावरून हात फिरवला आणि सातपुड्यातला धावडा सुचवला. धावडा चिवट, हिसके सोसणारा, आमच्याकडे बैलगाडीचे आस त्याचेच करतात. मामा म्हणतात दोन तुकडे सागाचेही बसवले होते. असतील.

इंजिनाने वेगळीच परीक्षा पाहिली. बोल्टांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची, पाना बरोबर बसतो. पण त्याच मापाचा दुसरा बोल्ट लावायला गेलं की दोन आटे जातो आणि अडतो. आबांनी तो कधीच जोराने फिरवला नाही. उलटा काढला, आट्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हे आटे इंग्रजाचे नाहीत." ते खरंच होतं. पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच बंदुकांची कंपनी कॉव्हेंट्रीला आली, 1923 मध्ये विल्यम मॉरिसने तो कारखाना घेतला आणि आटे मिलिमीटरचेच चालू राहिले. एमजीचं इंजिन त्या वंशातलं. हा सगळा इतिहास मी पुढे वाचला. आबांना तो नखाला कळला होता. मग मापाचे बोल्ट लेथवर काढून घेतले. बुऱ्हाणपूरला लूमचे सुटे भाग करणारे खरादी होते, म्हणून ते जमलं. परदेशातून सुटा भाग मागवणं तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. गॅस्केट तर आबा घरीच करत. कागद धातूवर ठेवायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने टकटक करत जायचं, कागद आपोआप कापला जातो. भोकं पाडायला छर्रे.

मला सर्वांत आवडायचं ते कार्बोरेटर जुळवणं. या इंजिनाला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर असतात आणि दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. आबा रबरी नळीचं एक टोक कानात धरत, दुसरं एकाच्या तोंडाशी नेत, मग दुसऱ्याच्या. स्क्रू पाव आटा फिरवत, पुन्हा ऐकत. एकदा नळी माझ्या कानाला लावली. "आयक, भांडून राह्यले ना दोघं?" एकाची सूंऽ जाड होती, दुसऱ्याची बारीक. मग दोन्ही एकसारख्या झाल्या तेव्हा इंजिनाचा हिसका गेला आणि ओट्यावरचा चहाचा कप थरथरायचा थांबला.

गाडी पहिल्यांदा चालली त्या दिवशी बुऱ्हाणपूरहून मावा जिलेबी आली. काळपट, जाड, खव्याची, ती खाल्लेल्यांना वेगळं सांगायला नको. हात रॉकेलने धुतलेले, त्यामुळे पहिल्या घासाला रॉकेलचा वास होताच. संध्याकाळी मोठीमायने कळण्याच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं. सुतारबाबांना तिने आग्रहाने जेवायला बसवलं.

1973 नंतर पेट्रोल भडकलं. जुन्या मोठ्या गाड्यांत लोक सर्रास डिझेल इंजिनं बसवायला लागले. आबांनीही बसवली, पोट होतं. एमजीला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. बागाईतदार दोनदा विचारून गेले. आबा म्हणाले, पेट्रोल परवडत नसेल तर उभी ठेवा, मी महिन्याला येऊन चालू करून जाईन. आणि ते जात, सायकलवर, पाठीला नळी अडकवून.

पुढे ती विकली गेली, इंदूरला, मग म्हणे पुण्याला. 1950 च्या आधीच्या मोटारी देशाबाहेर न्यायला निर्बंध आहेत, तेव्हा इथेच कुठेतरी असणार. 2021 पासून पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. तिच्या कागदांवर मालकांची नावं ओळीने असतील. धावडा कुणी निवडला, आटे कुणी ओळखले, हे लिहायला त्या कागदात रकाना नाही. म्हणून मी हे इथे लिहून ठेवते आहे, आठवेल तसं.

गॅरेज आता मामा चालवतात. सध्या त्यांच्याकडे एक स्टँडर्ड हेराल्ड आली आहे, मद्रासला झालेली, 1961 नंतरची. आहे साधी घरगुती गाडी, पण चासी तीच, जिच्यावरून पुढे स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली, आणि बॉनेट उघडलं की गाडीचा सगळा पुढचा भाग वर येतो. मामांनी पत्रा काढून ठेवलाय, लांबी खरवडून झाली आहे. दारांचं रबर मात्र मिळत नाही. बुऱ्हाणपूरच्या बोहऱ्यांची हार्डवेअरची दुकानं पालथी घालून झाली, सियागंजातही नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचा पोरगा मुंबईला चोरबाजारात जाणार आहे, जुन्या रबराचा चार बोटं लांब तुकडा नमुना म्हणून खिशात घालून.