बोंडू दोन्हीकडचे, फेणी एकाच काठाची

तेरेखोल नदीच्या उत्तरेला आरोंदा-सातार्डा, दक्षिणेला पेडणे. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेला काजू दोन्हीकडच्या जांभ्या डोंगरांवर सारखाच रुजला. मार्चमध्ये दोन्हीकडे तेच पिवळे-तांबडे बोंडू गळतात. गोव्याच्या बाजूला त्यांची फेणी होते. सिंधुदुर्गात मात्र बी काढून घेतली की बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजतात. बोंडवाचं वजन बीच्या पाच ते दहा पट असतं, तेव्हा हे नुकसान किरकोळ नव्हे. फेणी हा पोर्तुगीज संस्काराचा वारसा, म्हणून ती गोव्याची, असं सर्रास सांगितलं जातं. मला हे पटत नाही. दोन काठांतला फरक अबकारी कायद्याने घडवला, असं माझं म्हणणं आहे.

पेडण्याचंच पाहा. हा मुलूख 1788 पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचा होता; डिचोली आणि सत्तरीही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच पोर्तुगिजांकडे गेल्या. म्हणजे आज भट्ट्या पेटणारे हे तालुके जुन्या पोर्तुगीज गोव्याचे नव्हतेच. फेणीच्या कृतीतही परदेशी असं फारसं काही नाही. कातळात खोदलेल्या कोळंबीत बोंडू पायांनी तुडवायचे, रस काही दिवस आंबू द्यायचा आणि भाणात उकळून वाफ थंड करायची. पहिल्या धारेचा हुर्राक सौम्य आणि फार न टिकणारा. पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की कडक फेणी. काजूच्या आधीपासून गोव्यात माडीची फेणी निघत होती आणि माडावर चढणारे भंडारी मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरही पिढ्यान्‌पिढ्या होतेच. झाड, हात, चव, काहीच कमी नव्हतं.

कमी पडली ती मोकळीक. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने इंग्रजी मुलखात मद्य गाळणं आणि विकणं सरकारी मक्त्याखाली गेलं, माडी काढायच्या झाडांवर कर बसला आणि घरगुती भट्टी गुन्हा ठरली. त्याच वर्षी झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज करारात गोव्याची अबकारीही ब्रिटिश पद्धतीला जोडली गेली होती. तो करार 1892 मध्ये संपला आणि वाटा पुन्हा वेगळ्या झाल्या. सावंतवाडी संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि लगेच 1949 चा दारूबंदी कायदा आला. पलीकडे 1961 पर्यंत पोर्तुगीज होते आणि ते गेल्यावरही गोव्यात दारूबंदी आली नाही. पेयाला नाव मिळायला ते उघडपणे पाजता यावं लागतं. आयर्लंडच्या फॉइन्स विमानतळावर 1943 मध्ये जो शेरिडनने प्रवाशांना दिलेली व्हिस्कीयुक्त आयरिश कॉफी 1952 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्वेना व्हिस्टा कॅफेत पोचली. तिथे ती गिऱ्हाइकांसमोर पुन्हा पुन्हा करून पाहिली, सुधारली गेली आणि जगभर गेली. लपून गाळणाऱ्याला ही संधीच नसते. पोलिसांच्या भीतीने तो घाई करतो, दुसऱ्या धारेसाठी थांबत नाही, माल मुरू देत नाही. त्याची दारू वाईट निघते आणि तीच पुढे बंदीचं समर्थन ठरते.

दारूबंदीमागची कळकळ खोटी नव्हती. दारूने संसार मोडले आहेत आणि त्याची झळ सर्वांत आधी बायकांना लागली आहे. हा आक्षेप कुणी हलका समजू नये. पण बंदीने पिणं थांबलं असतं तर गोव्यातून येणारी चोरटी दारू पकडायला इन्सुलीचा नाका कशाला लागला असता? पिणाऱ्याला बाटली पलीकडून मिळत राहिली आणि बागायतदाराचं उत्पन्न तेवढं बुडालं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या, पण बाजारात भाव राहिला तो बीला. 2009 मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेही गोव्याच्या नावे, त्यामुळे उद्या आरोंद्यात तशीच धार काढली तरी ती फेणी म्हणून विकता येणार नाही. गोव्यात सरकारी काजूरानांची पावणी होते, म्हणजे लिलावात बोली लावून गाळणारा हंगामापुरता डोंगर घेतो. सिंधुदुर्गात काजू मुख्यतः खाजगी बागांत आहे. त्यामुळे इथे गाळण्याचा परवाना द्यायचाच तर तो पाच-दहा बागायतदारांनी मिळून चालवलेल्या छोट्या भट्टीला परवडेल एवढ्या शुल्कात द्यावा लागेल. बोंडू नाजूक असतो, तो दिवसभरात पिळला नाही तर बिघडतो. दूरच्या मोठ्या कारखान्यापर्यंत तो धड पोचणारच नाही.